पुण्यात पुरुषांनी दाढीचं आणि त्वचेचं सामान कुठून घ्यावं?

पुरुषांसाठीचं चांगलं सामान पुण्यात सगळीकडे मिळतं, पण एकाच दुकानात सगळं चांगलं मिळत नाही. फेसवॉश आणि सनस्क्रीन मेडिकलमधून, ब्लेड-ब्रश पेठेतून आणि अत्तर-परफ्यूम मॉलमधून, असं वाटून घेतलं की पैसेही वाचतात आणि चेहराही नीट राहतो. क्रम मात्र पाळा: आधी त्वचा ओळखायची, मग यादी, मग दुकान.

आधी चेहरा बघा

सकाळी साध्या पाण्याने तोंड धुवा, काहीही लावू नका आणि तासाभराने आरशात बघा. कपाळ-नाक चमकत असेल तर त्वचा तेलकट. गाल ओढल्यासारखे वाटत असतील तर कोरडी. नाक तेलकट पण गाल कोरडे असतील तर मिश्र, आणि बहुतेकांची अशीच असते. पुरुषांची त्वचा साधारणपणे जास्त तेलकट असते हे खरं, पण म्हणून काळ्या बाटलीवर ‘मेन’ लिहिलेलं सगळंच तुम्हाला चालेल असं नाही. बऱ्याचदा फरक वासाचा, रंगाचा आणि मेंथॉलच्या थंडाव्याचा असतो. दाढी केल्या केल्या तो थंडावा झोंबतो. खरेदी त्वचेकडे बघून करा, बाटलीच्या रंगाकडे बघून नको.

पुण्याचा दिवस कसा जातो तेही लक्षात घ्या. दुचाकी, हेल्मेटखालचा घाम, रस्त्यावरची धूळ आणि मार्च-एप्रिलमधलं कोरडं ऊन. कपाळावर हेल्मेटच्या कडेला पुटकुळ्या येत असतील तर महागड्या क्रीमच्या आधी हेल्मेटचं आतलं अस्तर धुवून बघा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर साबणाचा फेस धरत नाही आणि दाढी खरवडल्यासारखी होते. अशा वेळी निदान दाढीपुरतं पिण्याचं पाणी वापरा.

यादी चारच वस्तूंची

सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि दाढीचं सामान. सुरुवातीला एवढं पुरे. तेलकट त्वचेला सॅलिसिलिक अॅसिड असलेला फेसवॉश आणि जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर, कोरड्या त्वचेला ग्लिसरीन किंवा सिरामाइड असलेलं क्रीम. सनस्क्रीन एसपीएफ (उन्हापासून किती बचाव होतो तो आकडा) ३० किंवा त्याहून जास्त, शिवाय ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं, म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी या दोन्ही किरणांपासून वाचवणारं. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर लांब रेघ ओढाल एवढं लागतं. रोज एकदा असं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब साधारण दीड महिना पुरते. तुमची ट्यूब सहा महिने टिकत असेल तर तुम्ही फार कमी लावताय. किंमत ठरवतानाही हाच हिशोब करा, कारण रोज पुरेशी लावता येईल अशी मध्यम किमतीची ट्यूब, जपून लावाव्या लागणाऱ्या महागड्या ट्यूबपेक्षा कितीतरी चांगली.

पहिला थांबा: मेडिकल

चेहऱ्याच्या वस्तूंसाठी गर्दीचं, चालतं मेडिकल गाठा. तिथे माल लवकर खपतो, त्यामुळे ताजा मिळतो. त्वचारोगतज्ज्ञ लिहून देतात ती सौम्य क्लीन्झर, सनस्क्रीन, मॉइश्चरायझर तिथे असतातच, आणि सही-शिक्क्याची पावती मिळते. काचेच्या कपाटात उन्हासमोर ठेवलेली सनस्क्रीन घेऊ नका, ‘आतला माल द्या’ असं सरळ सांगा. उष्णतेने ती खराब होते.

आता खोका हातात घेऊन एवढं वाचा. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. ट्यूबच्या दाबून बंद केलेल्या टोकावर बॅच नंबर उमटवलेला असतो, तो खोक्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर खोका एकाचा आणि ट्यूब दुसऱ्याची आहे, परत द्या. परदेशी वस्तूवर आयात नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तो ज्याच्या नावावर आहे त्याचा भारतातला पत्ता असावा लागतो. तो नसेल तर वस्तू कितीही झकपक असली तरी घेऊ नका.

मेडिकलमध्येच एक धोकाही आहे आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. ‘चेहरा उजळायला काहीतरी द्या’ म्हटलं की कुठेतरी एखादी छोटी स्वस्त ट्यूब पुढे येते. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, म्हणून सरकारने २०१८ मध्ये ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत घातली. आठवडाभर चेहरा छान दिसतो, मग सोडली की लाल होतो, पुरळ येतं, त्वचा पातळ पडते. मित्राने सुचवली म्हणून लावू नका. न्हाव्याने सुचवली तरी नको.

पेठेत काय घ्यावं

ब्लेड, रेझर, दाढीचा ब्रश, साबण, कंगवे, कात्र्या यांसाठी रविवार पेठेतल्या बोहरी आळीकडे वळा. तो ठोक बाजार आहे. डबल-एज ब्लेडचा (दोन्ही बाजूंनी धार असलेल्या साध्या पात्यांचा) पूर्ण डबा घेतला तर कार्ट्रिजच्या, म्हणजे रेझरवर बसवायच्या तयार डोक्यांच्या, मानाने फार स्वस्त पडतो. पण पहिल्याच फेरीत डबा घेऊ नका. दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक पाकिटं घ्या, कारण ज्या ब्लेडने शेजाऱ्याची दाढी लोण्यासारखी होते ते तुमच्या गालावर ओरखडे काढू शकतं. तुरटीचा खडाही इथेच, नाहीतर कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात घ्या. दाढी झाल्यावर ओल्या चेहऱ्यावरून हलका फिरवा, मिनिटभराने धुवा आणि मॉइश्चरायझर लावा. बारीक कापल्याचं रक्त थांबतं, आणि अल्कोहोलवाल्या आफ्टरशेव्हची गरज उरत नाही.

ट्रिमरसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, म्हणजे विजेच्या वस्तूंचा बाजार. दुकानातच चालू करून बघा, चार्जिंगला लावून चालतो का ते विचारा, पातं पाण्याखाली धुता येतं का ते खोक्यावर वाचा. वॉरंटी कार्डावर तारखेसकट शिक्का मारून घ्या.

पेठेत गाडी नेऊ नका, पार्किंगमध्येच अर्धा तास जातो. मेट्रोने मंडई स्थानकावर उतरा आणि चालत जा. या भागातली बरीच दुकानं सोमवारी बंद असतात. तुळशीबागेत आणि फुटपाथवर नामांकित कंपन्यांच्या नावाची क्रीम निम्म्या किमतीत दिसली तर मोह आवरा. कंगवा, आरसा, नेलकटर खुशाल घ्या, चेहऱ्याला लावायचं काही नको.

मॉल कशासाठी

विमाननगरची फिनिक्स मार्केटसिटी, वाकडचा मॉल ऑफ द मिलेनियम, सेनापती बापट रस्त्यावरचा पॅव्हिलियन, हडपसरचा अमनोरा. इथला खरा फायदा म्हणजे वस्तू लावून बघता येते. परफ्यूम कागदी पट्टीवर नाही, मनगटावर घ्या, चोळू नका, आणि अर्धा तास फिरून परत या. पहिल्या पाच मिनिटांचा वास उडून जातो, नंतर राहतो तो तुमच्यासोबत दिवसभर असणार असतो. सनस्क्रीनचा पांढरा थरही इथेच तपासा. हाताला नाही, जबड्याच्या कडेला लावा आणि बाहेर उजेडात जाऊन बघा. काउंटरवरची माणसं पाच वस्तूंचा संच सुचवतील. नम्रपणे एकच घ्या, आणि लहान आकाराची.

ऑनलाइन घ्यायचंच असेल तर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, नाहीतर विक्रेता कोण आहे ते वाचून मगच. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीम, आफ्टरशेव्ह, शाम्पू यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या छपाईच्या खोक्यावर जुनीच किंमत घेत असतील तर विचारा. चेहऱ्याच्या क्रीमला आणि सनस्क्रीनला ही सवलत नाही.

घरी आल्यावर

नवी वस्तू थेट चेहऱ्याला नको. कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. एका वेळी एकच नवीन वस्तू सुरू करा, म्हणजे काही झालं तर दोषी कोण ते कळतं. डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र आणि ‘१२ एम’ असं असेल तर उघडल्यापासून बारा महिने. झाकणावर पेनने तारीख लिहून ठेवा. पावती महिनाभर जपा, फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

दाढीच्या जागी पू भरलेल्या गाठी येत असतील, डाग पसरत असतील किंवा सहा-आठ आठवड्यांत पुटकुळ्या हटत नसतील तर दुकानं फिरणं थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी ससून रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या.