सेन्सर-जाळ्यासाठी संरक्षण निधी मागताय? या चुका टाळा

इंदूरहून महू पंचवीसेक किलोमीटरवर. तिथे सैन्याचं दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, म्हणून इथल्या काही मंडळींना वाटतं, तिकडे ओळख काढली की निधीचं काम झालं. होत नाही. आयडेक्सचा, म्हणजे नवउद्योगांना निधी देणाऱ्या संरक्षण मंत्रालयाच्या योजनेचा, अर्ज पोर्टलवरून, जाहीर झालेल्या आव्हानाला उत्तर म्हणून करायचा असतो. स्वतःचीच कल्पना मांडायची असेल तर ओपन चॅलेंज आहे. अर्जात सेन्सरची स्तुती पानंच्या पानं असते. पण ते एकमेकांना जोडायचे कसे आणि जाळं राखायचं कसं, याला अंदाजपत्रकात साधा रकानाही नसतो. घोडं पेंड खातं ते इथे.

आधी पैशांचं. आयडेक्सच्या स्पार्क अनुदानाची मर्यादा १.५ कोटी, आयडेक्स प्राइमची १० कोटी, मार्च २०२४ मध्ये आलेल्या अदिती या त्याच्याच उपयोजनेची २५ कोटी. हे आकडे पूर्ण खर्चाचे नव्हेत. निम्मा वाटा तुमचा धरा: १.५ कोटी हवे तर प्रकल्प ३ कोटींचा, आणि उरलेले १.५ कोटी कुठून आणणार तेही दाखवायचं. डीआरडीओच्या टीडीएफचं (तंत्रज्ञान विकास निधीचं) गणित वेगळं, तिथे खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि कमाल ५० कोटी. एका योजनेचा तक्ता दुसरीच्या अर्जात चिकटवू नका.

रक्कम टप्प्याटप्प्याने सुटते. ‘एकत्रीकरण पूर्ण’ असा टप्पा लिहिलात तर तो पूर्ण झाला हे ठरवायचं कशावरून? ‘दोन प्रकारचे १२ सेन्सर, सलग ७२ तास, घड्याळांतला फरक १० मिलिसेकंदांच्या आत’ असं मोजता येईल ते लिहा.

घड्याळाचा उल्लेख मुद्दाम केला. दोन सेन्सरांनी टिपलेल्या एकाच ड्रोनचे नकाशावर दोन ठिपके दिसू लागले की सगळे आधी अल्गोरिदमवर तुटून पडतात. पहिल्यांदा घड्याळं जुळवून पाहा. घड्याळातला २० पीपीएमचा (दहा लाखांत २० भाग चुकणारा) साधा क्रिस्टल दिवसाला १.७ सेकंदांपर्यंत चुकतो. सेकंदाला २० मीटर वेगाचं ड्रोन तेवढ्यात ३४ मीटर पुढे गेलेलं असतं. जीपीएसवरून वेळ घेतो म्हणून निर्धास्त राहू नका, कारण जॅमिंग झालं की पहिला बळी तोच. अँटेना काढून २४ तास घड्याळ किती सरकतं ते मोजा आणि तो आलेख अर्जाला जोडा. ओव्हनवाला (तापमान स्थिर राखून अचूक वेळ देणारा) चांगला ऑसिलेटर वीज खातो, बॅटरीवरच्या प्रत्येक सेन्सरला तो परवडत नाही. तो गेटवेवर, म्हणजे सेन्सरांची माहिती गोळा करणाऱ्या यंत्रावर ठेवा. तिथून वेळ वाटा, केबलवर पीटीपी या वेळ जुळवण्याच्या पद्धतीने, रेडिओवर मिलिसेकंदांची अचूकता गृहीत धरून.

घड्याळं जुळली तरी ठिपके दोनच? मग होकायंत्र. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत इंदुरात एक अंशाचाही फरक नाही, म्हणून इथल्या मैदानावर ही चूक दिसतच नाही. लडाखमध्ये फरक दोन अंशांच्या वर जातो, आणि दोन अंश म्हणजे ५ किलोमीटरवर सुमारे पावणेदोनशे मीटर. जुन्या नकाशांवरचे एव्हरेस्ट डेटमचे (जुन्या मोजणी-पायाचे) निर्देशांक डब्ल्यूजीएस ८४ चे, म्हणजे जीपीएस वापरतं त्या पायाचे, समजून भरले तरी असाच घोळ होतो.

सुरक्षेत सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे सगळ्या सेन्सरांत एकच किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करणारा गुप्त संकेत. मैदानातला सेन्सर कधीतरी शत्रूच्या हाती लागणार, हे धरूनच चाला. प्रत्येकाला वेगळी किल्ली, ती सुरक्षित चिपमध्ये. डीबग पोर्ट (दुरुस्तीसाठी आत शिरायची जोडणी) बंद. फर्मवेअर (सेन्सरच्या आतलं सॉफ्टवेअर) डिजिटल सही केलेलंच चढेल आणि जुनी आवृत्ती परत चढणार नाही, अशी सोय. एका सेन्सरची किल्ली रद्द करताना बाकीचे चालू राहतात ना, हे प्रात्यक्षिकात दाखवा.

इथे घड्याळ पुन्हा आडवं येतं. बॅटरी पूर्ण उतरली की बरेच सेन्सर १९७० सालात जागे होतात (घड्याळ शून्यावर, म्हणजे त्या सालावर जातं), ओळख पटवणारं डिजिटल सर्टिफिकेट त्यांना अजून सुरूच न झालेलं वाटतं, जोडणी नाकारली जाते आणि शिपाई सेन्सर मेला म्हणून फेकून देतो. शेवटची खात्रीची वेळ फ्लॅशमध्ये जपा. सुरू होताना त्याआधीची वेळ स्वीकारू नका.

सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे आणि यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी वेळ-सर्व्हरशी जुळवायची. हे तुमच्या ऑफिसलाही लागू आहे. लॉगच्या डिस्कचा आणि सुरक्षा ऑडिटचा खर्च वेगळा दाखवा, ‘किरकोळ’मध्ये घुसडू नका.

राहिली चाचणी. लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या जेएसएस ५५५५५ या मानकाप्रमाणे उष्णता, थंडी, कंपन, पाऊस आणि त्याखेरीज विद्युतचुंबकीय चाचणी. सर्किट बोर्ड पहिल्या फेरीत पास होईल असं धरू नका: किमान तीन जादा संच आणि दुसऱ्या फेरीची फी अंदाजपत्रकात टाका, आणि प्रयोगशाळेची तारीख शेवटच्या हप्त्याच्या निदान चार महिने आधीची घ्या.