वादळाआधी विजेची ओव्हरहेड लाइन कशी तयार ठेवावी

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की खांबावरचा दाब चौपट होतो. म्हणून एरवीच्या वाऱ्यात टिकलेली लाइन वादळातही टिकेल, असं धरून चालू नका. सगळे खांब वाचवता येत नाहीत. पडझड एका तुकड्यात अडवता येते.

आधी खांबांचे बुंधे बघा. खांब लांबीच्या साधारण एक षष्ठांश गाडलेला हवा, म्हणजे ९ मीटरला १.५ मीटर. पाणी साचणाऱ्या मातीत तेवढं पुरत नाही, तिथे बुडाशी काँक्रीट भरा. वळणावरचे आणि टोकाचे ताण (खांबाला जमिनीशी बांधून धरणाऱ्या तिरक्या तारा) हातानं हलवून पाहा. सैल ताण नुसता आवळू नका; जमिनीत पुरलेला त्याचा अँकर वर सरकला असेल तर पहिल्याच झोतात तो पुन्हा सैल पडेल. सरळ लाइनीवरही ठरावीक अंतरानं एका खांबावर तारा दोन्ही बाजूंनी बांधून घ्या आणि त्याला दोन्ही दिशांना ताण द्या. नाहीतर एक गाळा (दोन खांबांमधला तारांचा भाग) तुटला की उरलेली एकतर्फी ओढ पुढचे खांब ओळीनं पाडते.

एका गाळ्यातल्या तिन्ही तारांचा झोळ (मधला लोंब) सारखा हवा. कमीजास्त असला की तारा वेगवेगळ्या लयीत हलतात आणि एकमेकींना लागतात.

फांद्या छाटल्या म्हणजे झाडांचं काम संपलं, असं नाही. लाइनीपासून दूर असलेलं, पण उंचीनं तारेपर्यंत पोचणारं वाळकं किंवा पोकळ झाड जास्त घातक.

उपकेंद्रात सर्वात दुर्लक्षित वस्तू म्हणजे बॅटरी. ती, चार्जर आणि रिले (दोष ओळखून लाइन तोडायचा हुकूम देणारी उपकरणं) पॅनेल पुराच्या आजवरच्या सर्वोच्च पातळीच्या वर बसवा. बॅटरीचा डीसी पुरवठा गेला की रिले काम करत नाहीत, ब्रेकर (लाइन तोडणारा स्विच) ट्रिप होत नाही, आणि एका फीडरच्या (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनीच्या) दोषापायी मागचं अख्खं उपकेंद्र बंद पडतं.

वादळ ओसरल्यावर घाई नको. लाइन फिरून पाहिल्याशिवाय ब्रेकर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. जमिनीवर पडलेली तार जिवंत होते. बुडालेल्या ट्रान्सफॉर्मरची मेगर (इन्सुलेशनची) आणि तेलाची चाचणी घ्या, कारण ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटेनं) पाणी आत गेलेलं असू शकतं. कामाच्या जागी लाइन दोन्ही बाजूंनी अर्थ करा, म्हणजे जमिनीशी जोडा. कुणाच्या घरचा जनरेटर चुकीच्या जोडणीनं चालू असेल, तर त्या घराला वीज देणारा ट्रान्सफॉर्मरच उलट्या दिशेनं ‘बंद’ लाइनीवर ११,००० व्होल्ट चढवू शकतो.