सुटी होणारी बंदूक घ्यायची आहे? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी मुलगा मोबाइल पुढे धरतो. "आबा, अशी घ्यायची. दोन तुकडे होतात, सॅकमध्ये मावते. सातपुड्यात फिरायला आणि गाडीत ठेवायला." मोबाइलवर कधी अमेरिकेतली रुगर १०/२२ टेकडाउन रायफल असते, कधी तिकडच्याच हेन्री कंपनीची एआर-७. एआर-७ ची नळी आणि यंत्र (चाप-घोड्याचा भाग) दस्त्याच्या पोटात बसतात, सगळं मिळून साडेसोळा इंच लांब. वस्तू छान आहेत. पण त्या तिकडच्या जंगलासाठी आणि तिकडच्या कायद्यासाठी बनलेल्या आहेत. परदेशी बंदूक मागवणं आपल्याकडे साध्या परवानाधारकाच्या हातातलं नाही, आणि या दोन्हींची पॉइंट २२ ची गोळी ससा-पाखराच्या मापाची. अस्वलाच्या भीतीने ती बाळगणाऱ्याला ती कामाची नाही.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती 'ट्रेकला बंदूक' या कल्पनेची. यावल, अनेर धरण, पाटणादेवीच्या बाजूचं गौताळा-औट्रमघाट, ही सगळी अभयारण्यं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे शस्त्र घेऊन पाऊल टाकता येत नाही. परवाना खिशात असला तरी, बंदूक सुटी करून पिशवीत बांधलेली असली तरी. "वापरणार नाही, नुसती जवळ असू दे" हे उत्तर वनखात्याच्या माणसापुढे चालत नाही, आणि चालू नये. डोंगरात मी काठी, चांगली बॅटरी आणि दोन माणसं घेऊन जातो. नाल्याच्या वळणावर मोठ्याने बोलतो, म्हणजे अस्वल आपणहून बाजूला होतं.

शेताच्या राखणीसाठी परवाना आहे आणि घर ते मळा गाडीतून न्यायची आहे, त्याने नवीन काही शोधूच नये. आपली बारा बोअरची दोननळी जन्मापासूनच सुटी होणारी आहे. पुढचं लाकूड काढलं की नळ्या बिजागरीवरून उतरतात. २८ इंची नळी म्हणजे ७१ सेंटिमीटर, पाऊण मीटरच्या पेटीत सगळं बसतं. घेताना नळी, यंत्र आणि पुढचं लाकूड या तिन्हींवरचा नंबर एकच आहे का ते बघा, आणि तोच परवान्यावर आहे का तेही. दोननळीचे भाग हाताने घासून एकमेकांना बसवलेले असतात. दुसऱ्या बंदुकीची नळी बसल्यासारखी वाटते, पण मिटताना खटका पूर्ण धरत नाही. विकणारा म्हणतो, "थोडी घट्ट आहे, वापरात सैल होईल." तिथून उठून या.

आता जोडणीची चूक. हिच्यामुळे मी एक माणूस गमावता गमावता राहिलो.

माझा मामेभाऊ चोपड्याच्या वरच्या अंगाला केळी करतो. बंदूक सुटी करून नळ्या मळ्यातल्या खोलीत कपाटावर उघड्या ठेवायची त्याची सवय. पावसाळ्यात दोन महिने ती लागली नाही. भाद्रपदात रानडुकरं मक्यात शिरली, रात्री हाक आली, याने अंधारातच नळ्या चढवल्या, काडतुसं घातली आणि डुकरं पळावीत म्हणून बांधावरून हवेत बार काढला. आवाज नेहमीसारखा आला नाही. उजवी नळी तोंडापासून चार बोटांवर अंड्यासारखी फुगली होती. सकाळी डाव्या नळीत आम्ही बारीक काडी घातली, तर आत कुंभारीण माशीचं मातीचं घर. उजवीतही तेच असणार. भोकात माती लिंपून माशी घर करते हे आपल्या प्रत्येकाच्या घरातल्या खिळ्याच्या भोकाने शिकवलेलं आहे. नळीचं भोक तिला वेगळं कशाला वाटेल? नशीब त्याचं, पत्रा फाटला नाही. डाव्या कानात पंधरा दिवस शिट्टी वाजत होती.

सुटी होणाऱ्या बंदुकीचा मोठा फायदाच हा, की नळी हातात मोकळी येते आणि आरपार बघता येतं. तो फायदा घेणारे मात्र थोडेच. मी नळी चढवण्याआधी उजेडाकडे धरतो, दोन्ही भोकांतून पांढरं गोल दिसेपर्यंत पुढे सरकत नाही, आणि रात्री बॅटरी मागून लावतो. घाई असली तर जास्तच सावकाश. ठेवताना दोन्ही तोंडांना कापडाची बुचं, आणि बुचांना लाल दोरा लांब सोडलेला, म्हणजे बूच विसरून बार काढायचा प्रश्नच उरत नाही. "इतका वेळ कुठे असतो, आबा?" असं म्हणणाऱ्याने बंदूक घेऊ नये.

बाकीच्या चुका थोडक्यात. नळ्या उतरवल्यावर गंमत म्हणून चाप ओढू नका. आतले घोडे पडतात आणि मग नळ्या परत चढत नाहीत, लोक तिथे हातोडा घेतात. मिटायला जोर लागला की थांबा, पुसा, पुन्हा बघा. जुन्या बंदुकीच्या ६५ मिलिमीटरच्या खान्यात (नळीतली काडतुसाची जागा) ७० मिलिमीटरचं काडतूस बसतं, म्हणून ते त्या बंदुकीचं होत नाही. बिजागरीला ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका पुरे. जास्त तेलाला आपल्या काळ्या मातीची धूळ चिकटते आणि तेच घासायचं पेस्ट होतं. मे महिन्यात काडतुसं डॅशबोर्डवर ठेवू नका. गाडीत बंदूक ठेवून चहाला उतरू नका. मूळ परवाना बंदुकीसोबत, आणि बिजासन घाट चढून मध्य प्रदेशात सेंधव्याकडे जायचं तर परवान्यावर हद्द कोणती लिहिली आहे ते घरून निघतानाच वाचा.

नळी कापून आखूड करायचा सल्ला देणारे अजून भेटतात. तो शस्त्र कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. सीमेपलीकडचा गावठी कट्टा 'छोटा आणि स्वस्त' म्हणून आणणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची शिक्षा, पाचपर्यंत जाते. याबद्दल माझ्याकडे कुणी विचारायला येऊ नये.

नवी घेतलीच, तर पहिले आठ दिवस काडतूस घरात आणू नका. संध्याकाळी सतरंजी टाकून रिकामी बंदूक जोडा, सोडा, पुसा, पुन्हा जोडा. मामेभाऊ आता दर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधल्या दिवशी हेच करतो, पोराला समोर बसवून, आणि नळीतून पहिल्यांदा बघायला पोरालाच सांगतो.