अपडेटनंतर विंडोज सारखं रीस्टार्ट होतंय?
लगेच फॉरमॅट मारायला धावू नका. विंडोज १० किंवा ११ असेल तर लोगो दिसताच पॉवरचं बटण १० सेकंद दाबून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की रिपेअरचा निळा स्क्रीन आपोआप येतो. तिथे ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स. आधी ‘क्वालिटी’ (नेहमीचं छोटं) अपडेट काढून बघा. मोठं ‘फीचर’ अपडेट साधारण १० दिवसांतच मागे घेता येतं. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर मध्येच ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. घरच्या लॅपटॉपची की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यातच असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघा (आपल्याकडे अशी की आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं). मशीन सुरू झालं की अपडेट्स आठवडाभर पॉज करा, नाहीतर तेच अपडेट रात्रीतून परत येऊन बसेल.