ग्रँडमास्टरांचा डाव पटावर मांडून कसा अभ्यासावा

तुल्यबळ खेळाडूंचा बुद्धिबळाचा डाव मोबाइलवर भराभर पुढे सरकवत पाहिला, तर निकालाखेरीज हाती फारसे काही लागत नाही. म्हणून घरातला पट काढावा, चालींची नोंद कागदावर उतरवून घ्यावी आणि पुढची चाल झाकली जाईल अशा बेताने तिच्यावर पट्टी ठेवावी. एक बाजू निवडून तिची प्रत्येक चाल आधी स्वतः ठरवावी, कारणासह वहीत लिहावी आणि मगच पट्टी खाली घ्यावी. पहिल्या आठ-दहा चालींवर फार वेळ घालवू नये. त्या बहुधा घरूनच तयार करून आणलेल्या असतात.

उदाहरणादाखल १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये झालेला गुकेश आणि चीनचा डिंग लिरेन यांच्यातील जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव घ्यावा आणि काळ्या मोहऱ्यांच्या, म्हणजे गुकेशच्या, बाजूने बसावे. दोघांचे गुण ६.५ असे समान होते. ५४ चालींनंतर प्रत्येकाकडे एक हत्ती आणि पांढऱ्या घरांतून फिरणारा एक उंट उरला होता. गुकेशचे एक प्यादे जास्त होते, तरी डाव बरोबरीकडेच झुकलेला होता. ५५व्या चालीला डिंग लिरेनने हत्ती एफ२ (एफ ही उभी रांग, २ ही आडवी) या घरात आणून हत्तींची मारामारी, म्हणजे हत्तीच्या बदल्यात हत्ती, देऊ केली.

पट्टी येथेच थांबवावी आणि निदान दहा मिनिटे विचार करावा. मारामारीनंतर पटावर काय उरते, हा प्रश्न मोहरी मोजून सुटत नाही. ती कुठे उभी आहेत, तेही पाहावे लागते. डिंगचा उंट ए८ या कोपऱ्यात होता आणि कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरकी वाट असते. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट त्याच वाटेवर डी५ मध्ये ठेवला. आता उंटांची मारामारी टळत नव्हती. डिंगच्या उंटाने तो मारताच गुकेशच्या राजाने डी५ वरचा उंट परत मारला आणि उरलेला नुसत्या राजा-प्याद्यांचा शेवट काळ्याने जिंकलेला होता. ५८व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला. उत्तर सुचले नाही तर खट्टू होऊ नये. ही चूक आपल्याही ताबडतोब लक्षात आली नव्हती, असे खुद्द गुकेशने नंतर सांगितले.

कोणाची बाजू किती वरचढ आहे ते दाखवणारा संगणकाचा आकडा मात्र वही पूर्ण झाल्यावरच पाहावा. तो चूक कुठे झाली ते क्षणात दाखवतो, पण ती का घडली हे सांगत नाही. अखेरीस तो प्याद्यांचा शेवट पुन्हा मांडून मित्राबरोबर दोन्ही बाजूंनी खेळून पाहावा.