हॉस्टेलवर पहिलं वर्ष: सुरुवातीच्या आठवड्यांत बस्तान कसं बसवावं

हॉस्टेलला जायची तयारी बहुतेक घरांत बॅग भरण्यापाशी थांबते. चादरी, टॉवेल, चार्जर, कुलूप, औषधं, सगळ्यांची यादी होते. खोलीत पोचल्यावर कळतं की खरी अवघड गोष्ट यादीत नव्हतीच. काल-परवापर्यंत ज्याचं नावही माहीत नव्हतं, त्याच्याबरोबर एकाच खोलीत झोपायचं, उठायचं, अभ्यास करायचा आणि प्रसंगी आजारीही पडायचं. हे जमतं, जवळजवळ सगळ्यांनाच जमतं. पण ते आपोआप जमेल म्हणून गप्प बसू नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे बोलून घ्याल आणि ज्या सवयी लावून घ्याल, त्यावरच पुढचं वर्ष चालतं.

आधी खोली तपासा, मग सामान काढा

खोलीत शिरल्याबरोबर बॅग गादीवर टाकू नका. आधी मोबाईलचा टॉर्च लावून गादीची शिवण, तिचे कोपरे आणि पलंगाचे सांधे नीट बघा. ढेकूण असतील तर शिवणीच्या कडेने काळपट ठिपके दिसतात, टीपकागदावर शाई पसरावी तसे. पूर्ण वाढलेला ढेकूण चार-पाच मिलिमीटरचा, चपटा आणि तपकिरी असतो. असं काही दिसलं तर सामान उघडायच्या आधीच वॉर्डनला सांगा आणि गादी स्वतः उचलून पॅसेजमध्ये नेऊ नका, त्याने ते शेजारच्या खोल्यांत पोचतात. कपड्यांपर्यंत आले असतील असं वाटलं, तर कपडे बंद पिशवीत ठेवा आणि कापडाला चालेल तेवढ्या गरम पाण्यात धुवा. ढेकूण उष्णतेने मरतात, थंड पाण्याने नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, स्वच्छ खोलीतही ते येतात.

मग खोलीचे फोटो काढा. तडकलेली काच, निखळलेली बिजागरी, कपाटाचं न लागणारं कुलूप, भिंतीवरचे जुने डाग, सगळं. ते त्याच दिवशी ऑफिसला लेखी कळवा. वर्षअखेरीला खोली परत करताना मोडतोडीचा हिशोब होतो, तेव्हा तुमच्या आधीपासूनची मोडतोड तुमच्या नावावर पडू नये.

विजेचंही बघून ठेवा. २३० व्होल्टच्या विजेवर ६ अँपिअरचा सॉकेट साधारण १,४०० वॅट पेलतो आणि पाणी उकळायची साधी किटलीच अनेकदा १,५०० वॅटची असते. म्हणून हॉस्टेलमध्ये किटली, इस्त्री, हीटर यांवर बंदी असेल तर तो नियम जाच समजू नका. एका एक्स्टेंशन बोर्डला दुसरा बोर्ड कधीही जोडू नका आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवून झोपू नका.

रूममेटशी बोला, पहिल्या आठवड्यातच

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. बहुतेक भांडणं मोठ्या कारणांवरून होत नाहीत. ट्यूबलाइट, अलार्म, न विचारता वापरलेला टॉवेल, रात्री बारानंतर फोनवर चाललेल्या गप्पा, एवढीच कारणं असतात. एकाला त्रास होतो, तो बोलत नाही, महिनाभर साठवतो आणि मग एका रात्री सगळं एकदम बाहेर येतं. दुसऱ्याला तर आपलं काही चुकतंय याचा पत्ताच नसतो.

म्हणून त्रास व्हायच्या आधीच विचारा. ओळख झाल्यावर, सामान लागल्यावर, दोघंही निवांत असताना सहज विषय काढा: "मी साधारण अकराला झोपतो. तू उशिरापर्यंत वाचणार असशील तर टेबल लॅम्प चालेल, मोठा दिवा नको. तुला कशाचा त्रास होतो?" शेवटचा प्रश्न विसरू नका. फक्त आपल्या अटी सांगितल्या तर तो हुकूम होतो.

झोपेच्या आणि उठण्याच्या वेळा तर बोलाच. पण अलार्म किती वेळा वाजू द्यायचा, हेही बोला. पाच-पाच मिनिटांनी वाजणारा अलार्म लावणारा झोपतो आणि बाकीचे जागे होतात. खोलीत मित्रमैत्रिणी कधी आलेले चालतील, किती वाजेपर्यंत थांबलेले चालतील, कोणी मुक्कामाला येणार असेल तर किती आधी सांगायचं, हे ठरवा. कोणत्या वस्तू विचारून घ्यायच्या आणि कोणत्या अजिबात घ्यायच्या नाहीत, तेही. झाडू कोण मारणार, कचरा कोण टाकणार, याचे वार ठरवा आणि कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. हे फार औपचारिक वाटेल. वाटू द्या. लिहिलेलं असलं की नंतर "तू कधी म्हणाला होतास?" हा वादच राहत नाही.

तरीही खटके उडतीलच. तेव्हा त्याच माणसाशी बोला, एक-दोन दिवसांत, दिवसाउजेडी. मध्यरात्री, झोप मोडलेली असताना बोललेलं कुणाच्याच पचनी पडत नाही. मजल्याच्या ग्रुपवर टोमणा टाकणं किंवा तिसऱ्याकरवी निरोप पाठवणं तर त्याहून वाईट, कारण मग गोष्ट खोलीपुरती राहत नाही. "तू नेहमीच असं करतेस" म्हणण्यापेक्षा घडलेलं सांगा: "काल दीड वाजता तू फोनवर होतीस, मला सकाळी आठचं लेक्चर होतं. बाराच्या पुढे बाहेर जाऊन बोलशील का?" अशा वाक्याला हो किंवा नाही म्हणता येतं. 'नेहमीच'ला फक्त भांडता येतं.

रूममेट जिवलग मित्र झालाच पाहिजे, असं मात्र नाही. एकमेकांची झोप, वस्तू आणि एकांत जपणारी दोन माणसं उत्तम रूममेट असतात, त्यांच्या गप्पा फारशा जमत नसल्या तरी. ही अपेक्षा सुरुवातीलाच सोडली तर दोघांवरचाही भार उतरतो.

काही गोष्टी मात्र आपसात मिटवायच्या नसतात. चोरी, धमकी, मारहाण, नको असलेला स्पर्श, नशेसाठी केलेली जबरदस्ती किंवा रूममेट स्वतःला इजा करेल अशी भीती, यांपैकी काहीही असलं तर त्याच दिवशी वॉर्डनकडे जा. सीनिअर गंमत म्हणून अपमान करत असतील तर तेही यातच मोडतं. मेसेज आणि फोटो पुसू नका, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि घरीही सांगा. खोली बदलून मागावी लागली तर ती हार नव्हे.

ओळखी वाढवा, त्या दारापासून सुरू होतात

अमेरिकेतल्या एमआयटीच्या वेस्टगेट या विद्यार्थी वसाहतीत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. तिथे कुणाची मैत्री कुणाशी होते हे आवडीनिवडींइतकंच दारांच्या अंतरावर ठरत होतं. लगतच्या दारातल्या शेजाऱ्यांत ४१ टक्के जोड्या जवळच्या मैत्रीच्या निघाल्या, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत जेमतेम १० टक्के. येताजाता भेट होते, म्हणून ओळख होते.

याचा उपयोग करून घ्या. पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी अर्धा-पाऊण तास खोलीत असाल तेव्हा दार उघडं ठेवा. मेसमध्ये एकट्याने फोन बघत जेवण्याऐवजी "इथे बसू का?" विचारून बसा. नावं विचारा आणि विसरलात तर परत विचारा, पहिल्या महिन्यात कुणालाही त्याचं वाईट वाटत नाही.

पण घाईही करू नका. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, नुसत्या ओळखीचं जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो असं दिसलं. खऱ्या मैत्रीला ९० आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे ग्रुप झालेत आणि आपण एकटेच उरलोय असं वाटतं, तेव्हा हे आकडे आठवा. इतरांचे ते ग्रुपही अजून कच्चेच असतात, दिवाळीआधी किंवा सहामाहीआधी त्यातले अर्धे बदललेले दिसतात.

घरची आठवण

येणारच, आणि बऱ्याचदा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, हाताला काम नसताना. घरी बोलायची एक वेळ ठरवा. दिवसभर मेसेज चालू राहिले तर माणूस ना इथला राहतो ना तिथला. घर जवळ असेल तरी पहिला महिना दर शनिवारी पळू नका, कारण ओळखी होतात त्या सुट्टीच्या दिवशीच. घरच्यांशी खोटं मात्र बोलू नका. "आज करमलं नाही" एवढं सांगितलं तरी मन हलकं होतं. रडू आलं तर रडा, शेजारच्या खोलीतही कुणी रडत असण्याची शक्यता बरीच आहे.

दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, वर्गात जावंसं वाटत नसेल, तर कॉलेजच्या समुपदेशकाला भेटा. मरून जावंसं वाटत असेल तर दोन आठवडे काय, दोन तासही थांबू नका, त्याच क्षणी कुणालातरी सोबत घ्या.

झोप आणि अभ्यास

१८ ते २५ या वयात रात्री सात ते नऊ तास झोप लागते आणि हॉस्टेलमध्ये सगळ्यात आधी बळी जातो तो तिचाच. कानात घालायचे फोमचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी ही अगदी स्वस्तातली, पण फार कामाची खरेदी. कॉफीतलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही शरीरात असतं, म्हणून शेवटचा कप दुपारीच संपवा. पलंगावर बसून अभ्यास करू नका, धड अभ्यास होत नाही आणि नंतर धड झोपही लागत नाही. ग्रंथालयात एक ठरावीक जागा आणि ठरावीक वेळ धरा, पहिल्याच आठवड्यापासून.

उरलेलं थोडक्यात

सामायिक बाथरूममध्ये अनवाणी जाऊ नका. ओल्या फरशीवरून पायांच्या बोटांमध्ये बुरशी लागते आणि ती लवकर जात नाही. टॉवेल पलंगाच्या कडेला घडी करून नव्हे, पसरून वाळवा. कपडे धुवायला रविवार सोडून दुसरा वार धरा, मशीन रिकामं मिळतं. दोन मिनिटांसाठी बाहेर जातानाही खोलीला कुलूप लावा. ओळखपत्रं आणि प्रवेशाच्या कागदांच्या प्रती घरी एक आणि फोनवर एक असू द्या.

महिना झाला की कपाटात चिकटवलेला तो कागद काढून रूममेटसोबत पुन्हा बघा. कोणतं ठरलेलं पाळलं जातंय, कोणतं नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत दिव्याचं आणि पाहुण्यांचं काय करायचं ते त्यावर नव्याने लिहा.