वाईहून सकाळी निघून रात्री परत: आधी स्टेपनी बघा

वाईत राहण्याचा फायदा म्हणजे पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड, कास, लिंबची बारामोटेची विहीर, सगळं सकाळी निघून रात्री घरी जेवायला येण्याच्या टप्प्यात. तोटा हा की 'जवळच तर आहे' म्हणत कोणी तयारी करत नाही. मीही करत नव्हतो.

तर आधी स्टेपनी. निघायच्या आदल्या संध्याकाळी पंपावर जा. हवा भरणारा पोरगा चार चाकं झाली की नळी गुंडाळायला लागतो, त्याला थांबवा, डिकी उघडा आणि पाचव्या चाकातली हवा बघायला लावा. सर्व्हिसिंगच्या कागदावर 'स्टेपनी' पुढे बरोबरची खूण आहे म्हणून गप्प बसू नका. माझ्याही कागदावर होती.

गेल्या सप्टेंबरात यवतेश्वरच्या घाटात मागचं डावं चाक बसलं. रिमझिम चालू. मसालेभाताचा डबा, चटई, तीन छत्र्या, सासूबाईंची पिशवी, सगळं रस्त्याच्या कडेला काढलं तेव्हा कुठे स्टेपनी हाती लागली. चाक बदललं, जॅक उतरवला, आणि नवं चाक डोळ्यांदेखत रिमपर्यंत दबत गेलं. एका जीपवाल्यानं मला चाकासकट साताऱ्याला नेलं. परत येईपर्यंत अडीच तास गेले, कासच्या नोंदणीची वेळ टळली आणि मसालेभात गाडीतच संपला. म्हणून म्हणतो, स्टेपनी.

जॅक आणि पाना आहे का, तेही बघा. आणि घरासमोर एकदा चाकाचे नट सैल करून परत आवळून बघा. गॅरेजमध्ये मशीननं आवळलेले नट हातानं हलत नाहीत, हे घाटात कळून उपयोग नाही. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसतं पंक्चरचं किट आणि छोटा पंप असतो. २०२० पासून नियमानं तशी सूट आहे. टायर बाजूनं फाटला तर त्या किटचा काही उपयोग नाही. आपल्या डिकीत नक्की काय आहे ते आजच बघून घ्या.

पेट्रोल, पाणी, लायसन्स, पीयूसी: सांगायला नको.

कुठे जायचं ते वार बघून ठरवा. शनिवार-रविवारी, त्यातून मे महिन्यात, पसरणीचा घाट चढायचा तर सकाळी सातच्या आत वाई सोडा. नाहीतर पाचगणीचे बारा-तेरा किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पुढच्या बसचा धूर खात. एवढं करून महाबळेश्वरात गाडी लावायला जागा नाही ती नाहीच. मंगळवार-बुधवारी रजा मिळत असेल तर घ्या.

कासला फुलांच्या हंगामात आधी ऑनलाइन नोंदणी करा. वाईहून सातारा पस्तीसेक किलोमीटर, तिथून कास पंचवीस. पठारावर मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, नोंदणीची पावती फोनमध्ये उतरवून ठेवा. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं बघायची तर ऊन-पावसाचा खेळ चालू असलेला दिवस गाठा. पठारावर धुकं उतरलं तर दहा फुटांवरचं दिसत नाही. आणि हो, रेंज नसलेल्या जागी पंक्चर झालं तर मदतीला बोलावणार कोणाला? स्टेपनी.

प्रतापगडला जाताना महाबळेश्वरच्या पुढे आंबेनळी घाट लागतो, वळणं जबरदस्त. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी द्या. घाट सुरू झाल्यावर देऊन काही होत नाही. प्लास्टिकच्या पिशव्या दोन, पुढच्या कप्प्यात. डिकीत नकोत, डिकी स्टेपनीसाठी मोकळी करता आली पाहिजे. गडावर पायऱ्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांना आधीच सांगा.

जेवणाचा डबा घ्या. सुटे पैसे घ्या. छत्र्या.

घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर नको. अंधार पडायच्या आत खाली या.

घरी आल्यावर डिकीतला डबा काढा. आणि वाटेत स्टेपनी वापरली असेल तर पंक्चर झालेलं चाक दुसऱ्याच दिवशी दुकानात टाका. माझं डिकीत तीन आठवडे पडून होतं, तेही या सगळ्यानंतर.